औषधाचे बारदान

मे २०२१ मधील गोष्ट. कोरोनातून उठून घरी परतलेले माझे मेहुणे आठच दिवसांत पुन्हा नांदेडच्या एका रुग्णालयात दाखल झाले. डाव्या डोळ्याखाली सूज, नाकातून काळपट स्राव आणि असह्य जबडेदुखी. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि कोरोनावर दिलेली स्टिरॉइडे यांनी रोगाला वाट मोकळी करून दिली होती. निदान झाले म्युकरमायकोसिसचे. वृत्तपत्रे त्या दिवसांत त्यालाच 'काळी बुरशी' म्हणत असत.

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध होते ॲम्फोटेरिसिन-बी. दुकानदाराने विचारले, "साधे की लायपोसोमल?" साध्या औषधाची कुपी काही शे रुपयांची, लायपोसोमलची सहा-सात हजारांची. दिवसाला पाच कुप्या धरल्या तर पस्तीस हजार, आणि वीस दिवसांचे सात लाख. सारी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेलेली; त्यामुळे हिशेब मनातल्या मनात झाला, पण अर्थ कळेना. औषध तेच, मग किंमत वीस-पंचवीसपट का? त्या वेळी माझी भाची, म्हणजे मेहुण्यांची कन्या, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. मी लातुरात अडकलेलो, ती नांदेडच्या रुग्णालयाच्या आवारात उभी. फोनवर तिने जे उत्तर दिले ते मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, "मामा, माल तोच आहे. बारदान वेगळे आहे."

मोंढ्यात वाढलेल्या मुलीच्या तोंडी हाच शब्द येणार. आपण व्यापारी माणसे बारदानाला गौण समजतो. तूर मोजताना पोत्याचे वजन वजा करून मालाचा भाव करायचा, हा रिवाज. औषधाच्या बाबतीत मात्र कित्येकदा उलटे घडते. माल स्वस्त असतो आणि रुग्णाचा जीव बारदानावर अवलंबून असतो. गेल्या चार वर्षांत भाचीच्या शिक्षणाच्या निमित्ताने या विषयाची जी माहिती मला झाली, तीच येथे मांडत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शास्त्र जेवढे मला समजले तेवढेच लिहीन.

ॲम्फोटेरिसिन हे १९५० च्या दशकात मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले जुने औषध. बुरशीच्या पेशीभोवती जे पटल असते त्यातील अर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध द्रव्याला ते चिकटते आणि पटलाला भोके पाडते. अडचण अशी की आपल्या पेशींच्या पटलात अर्गोस्टेरॉलचे चुलत भावंड म्हणावे असे कोलेस्टेरॉल असते. औषध काही प्रमाणात त्यालाही धरते, आणि त्याचा पहिला फटका मूत्रपिंडांना बसतो. मेहुण्यांना पहिले चार दिवस साधे औषध मिळाले, कारण दुसरे मिळतच नव्हते. चौथ्या दिवशी रक्तातील क्रिएटिनिन दुपटीहून वर गेले.

लायपोसोमल औषधात हेच द्रव्य स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलेले असते. रक्तातून फिरताना ते त्या वेष्टनात राहते आणि मूत्रपिंडावरचा मारा पुष्कळ कमी होतो. या विद्येत महाराष्ट्र मागे नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. बच्छावत यांच्या समवेत, देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडवण्याचे आणि रुग्णांवर तपासण्याचे काम कोरोनाच्या कितीतरी आधीच केले होते. २०२१ च्या मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने याच औषधाचे इमल्शन स्वरूपातील इंजेक्शन बाराशे रुपयांना देण्याचे जाहीर केले, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातील अनेक घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १२ जून रोजी जीएसटी परिषदेने या औषधावरील पाच टक्के कर शून्यावर आणला.

त्या आठवड्यात एका मध्यस्थाने आम्हाला छापील किमतीच्या अडीचपट रक्कम मागितली आणि आम्ही ती दिली. त्याविषयी अधिक लिहीत नाही. मेहुणे वाचले. डावा डोळा गेला, मूत्रपिंडे शाबूत राहिली.

भाची आज नांदेडच्या एका महाविद्यालयात एम. फार्म. करीत आहे. तिने प्रबंधासाठी निवडलेला विषय म्हणजे नॅनोजेल; बारदानाचीच पुढची जात म्हणता येईल. हा शब्द समजून घ्यायचा तर आधी जेल म्हणजे काय ते पाहू, आणि त्यासाठी लातूरकरांना फार लांब जावे लागणार नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, हे आपण कोणी विसरणार नाही. त्या दुष्काळाच्या आगेमागे कित्येक बागायतदार झाडांच्या मुळांशी एक प्रकारचे दाणे घालीत. दिसायला जाड मिठासारखे, पण पाणी मिळताच फुगून साबुदाण्याच्या खिरीसारखे होत. त्याला हायड्रोजेल म्हणतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा हायड्रोजेल' स्वतःच्या वजनाच्या किमान साडेतीनशेपट पाणी धरते. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशाच पॉलिमरवर काम होऊन 'जलशक्ती' या नावाने ते बाजारात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे संशोधनही पॉलिमरशास्त्रातलेच. लहान मुलांच्या डायपरमध्येही हेच तत्त्व असते.

दाणा पाणी धरतो तो कसा? पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या लहान कड्या जोडून झालेली लांब साखळी. नुसत्या साखळ्या पाण्यात टाकल्या तर विरघळून जातात. परंतु साखळ्यांना मधूनमधून एकमेकींशी आडवे टाके घातले की त्यांचे जाळे तयार होते. पाणी जाळ्यात शिरते, जाळे फुगते, पण टाके धरून ठेवतात म्हणून विरघळत नाही. पाण्याबरोबर जे काही आत जाईल, खत असो वा औषध, तेही तेथेच थांबते आणि सावकाश बाहेर पडते.

आता एक मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा जेलचा एक दाणा घ्या आणि त्याचे शंभर नॅनोमीटर बाजूचे तुकडे करीत जा, अशी कल्पना करा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. त्या एका दाण्याचे एक लाख कोटी तुकडे होतील. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक नॅनोजेल. प्रत्यक्षात तो दाणा कापून नव्हे, तर द्रावणातच साखळ्यांना लहान लहान गुंडाळ्या व्हायला लावून तयार करतात.

इतके बारीक करण्याचे प्रयोजन प्रथिनांशी निगडित आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. एक्कावन्न अमिनो आम्लांच्या, एकमेकींशी जोडलेल्या दोन छोट्या साखळ्या. ते तोंडाने घेतले तर वरणातल्या प्रथिनाचे जे होते तेच त्याचे होते: जठरातील आम्ल आणि पाचक रस त्याचे तुकडे करतात. म्हणून टोचावे लागते. टोचल्यावर तरी इन्सुलिनचे काम सोपे, कारण त्याला पेशीच्या बाहेरच्या कडीवर फक्त थाप द्यायची असते. परंतु पुष्कळ आजारांत प्रथिनाला पेशीच्या आत जाऊन काम करावे लागते, आणि पेशीचे पटल स्निग्ध असते. पाण्यात रमणारे, आकाराने मोठे असे प्रथिन त्यातून पार होत नाही. स्निग्ध गोळीत बसवायचे म्हटले तर ॲम्फोटेरिसिनसारखे तेलाशी जमवून घेणारे औषध सुखाने बसते. प्रथिन मात्र नाजूक, त्याची घडी मोडली की ते निकामी. जेलचे जाळे जवळजवळ सारे पाण्यानेच भरलेले असल्यामुळे प्रथिनाला तेथे घरच्यासारखे वाटते.

शंभर नॅनोमीटरचा हा कण पेशीला टेकला की पेशी त्याला आपल्या पटलाची खोळ करून आत ओढून घेते. पाहुणा घरात आला, पण अजून पडवीतच आहे, असे समजा. ती खोळ हळूहळू आंबट होत जाते आणि शेवटी पचनाच्या कोठडीत जाऊन पोचते. त्याआधी कण खोळीतून निसटला नाही, तर औषधासकट पचून जातो. या विषयातील खरी लढाई येथेच आहे. काही नॅनोजेल असे घडवतात की आंबटपणा वाढताच ते फुगतात आणि खोळ फोडतात. काहींचे टाके गंधकाच्या जोडीचे असतात. रक्तात ते टिकतात, पण पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य बाहेरच्यापेक्षा सुमारे हजारपट असते, ते टाके उसवते आणि माल मोकळा होतो. म्हणजे कुलूप असे, की त्याची किल्ली पेशीच्याच घरात ठेवलेली. मला स्वतःला या सबंध विषयात हीच गोष्ट सर्वांत बुद्धिमान वाटली.

'नॅनोजेल' हे नाव १९९९ च्या सुमारास अमेरिकेत काबानोव्ह आणि विनोग्रादोव्ह यांच्या संशोधनातून रूढ झाले. त्याआधीच, १९९३ मध्ये, जपानच्या काझुनारी आकियोशी यांनी पुलुलान नावाच्या शर्करा-पॉलिमरला अगदी थोडे कोलेस्टेरॉल जोडले. शंभर साखर-घटकांमागे जेमतेम एक-दोन. पाण्यात टाकताच कोलेस्टेरॉलचे तुकडे पाणी टाळण्यासाठी एकमेकांजवळ सरकले आणि साखळ्यांच्या वीस-तीस नॅनोमीटरच्या गुंडाळ्या आपोआप तयार झाल्या. या गुंडाळ्या प्रथिन पोटात घेतात, त्याची घडी सांभाळतात आणि योग्य वेळी सोडतात. पुढे याच बारदानातून कर्करोगावरील लसींच्या चाचण्या जपानमध्ये रुग्णांवर झाल्या, आणि नाकातून देण्याच्या लसीचे यशस्वी प्रयोग प्राण्यांवर झाले. दुकानात जाऊन विकत घ्यावे असे औषध त्यातून अजून झालेले नाही.

हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आज केमिस्टच्या काउंटरवर 'नॅनो जेल' अशी ठळक अक्षरे असलेल्या मुरुमांच्या व सांधेदुखीच्या ट्यूब दिसतात. त्यांत नेहमीच्या मलमात औषधाचे बारीक कण मिसळलेले असतात. त्या उपयोगी असतील, पण येथे ज्याचे वर्णन केले ते नॅनोजेल वेगळे. तसेच 'नॅनो तंत्राने इन्सुलिनची गोळी आली, आता टोचणे बंद' असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवून कोणी इन्सुलिनचा डोस चुकवू नये. प्रयोगशाळेतील काचपात्रापासून रुग्णाच्या हातापर्यंतचा रस्ता दहा-पंधरा वर्षांचा असतो आणि बहुतेक प्रवासी वाटेतच थांबतात. औषध कंपन्यांचे शेअर 'नॅनो' हा शब्द वाचून घेणाऱ्या आपल्या तरुणांनाही मी एवढेच सुचवेन, की कर्ज देताना बँक तारणाचे गोदाम उघडून पाहते.

आता आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न: हे बारदान कशाचे?

औषधाच्या कॅप्सूलविषयी हा प्रश्न जुना आहे. साधी कॅप्सूल जिलेटिनची, म्हणजे जनावरांची हाडे व कातडी यांपासून केलेली. खाद्यपदार्थांवरील हिरवा ठिपका औषधांवर नसतो. तो सक्तीचा करावा या मागणीवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुकूल निकाल दिला नाही. जिलेटिनऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोज वापरता येईल का, हे पाहण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये डॉ. सी. के. कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दरम्यान सेल्युलोजच्या आणि पुलुलानच्या शाकाहारी कॅप्सूल बाजारात आल्याही. मात्र त्या महाग असल्यामुळे सरसकट वापरल्या जात नाहीत.

आकियोशींच्या नॅनोजेलमधील पुलुलान ते हेच. तेव्हा मला वाटले, प्रश्न मिटला. भाचीने माझा आनंद फार वेळ टिकू दिला नाही. पुलुलान यीस्टसारख्या एका बुरशीकडून आंबवणीने मिळते. आणि त्याला जोडायचे कोलेस्टेरॉल उद्योगात बहुधा मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून काढतात. इतर बारदानांचीही हीच कथा. अल्जिनेट समुद्री शेवाळातून येते. हायल्युरोनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, आता जिवाणूंकडून करून घेतात. ग्वार गम आपल्या गवारीच्या बियांचा आणि सेल्युलोज लाकडाचे किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंचे. हे दोन्ही निर्वेध, पण पेशीला चिकटण्याचा गुण त्यांत मुळात नाही, तो रासायनिक प्रक्रियेने आणावा लागतो.

आणि या क्षेत्रात फार वापरले जाणारे पॉलिमर म्हणजे कायटोसान. त्यावर धन विद्युतभार असतो, पेशीच्या पटलावर ऋण. त्यामुळे ते पेशीला आपणहून चिकटते. करायलाही सोपे. सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवून त्यात ट्रायपॉलिफॉस्फेटचे पाणी थेंबथेंब सोडले की द्रावणावर निळसर दुधी झाक येते, नॅनोजेल तयार. महागडी यंत्रे नसलेल्या प्रयोगशाळेतही हे जमते. भाचीच्या मार्गदर्शकांनी तिला हेच सुचवले. कायटोसान तयार होते कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून.

दिवाळीच्या सुटीत ती घरी आली तेव्हा हा विषय निघाला. माझी बहीण म्हणाली, "दादा, तूच सांग हिला. डाळीचे दुकान आहे आपले, आणि पोरगी कोळंबीची कवचे उकळणार?" भाचीचे म्हणणे वेगळे होते. कवचे हा मासळी उद्योगाचा टाकाऊ भाग. तिच्या ग्रॅमभर कायटोसानसाठी कोणी वेगळी कोळंबी मारणार नव्हते. मी दोन्ही बाजू ऐकल्या. जैन घरात जन्मलेल्याला 'टाकाऊ' हा शब्द पुरेसा वाटत नाही, हे मला पटते; त्याच मालाला गिऱ्हाईक मिळाले की धंद्याला टेकू मिळतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. परंतु माझ्या बहिणीला मी एक आठवण करून दिली. १९८२ पर्यंत जगात विकले जाणारे इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. आमच्या वडिलांनी ते घेतले, आणि घरात कोणी प्रश्न केला नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. सूक्ष्मजीवांकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्याची रीत आली तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला; २००३ मध्ये वोक्हार्टने तसे इन्सुलिन आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादेत, तयार करून विकायला सुरुवात केली. म्हणजे जीवदयेच्या अंगाने झालेली ही सुधारणा घडली ती प्रयोगशाळेत बसून काम करणाऱ्यांमुळे. औषध नाकारणाऱ्यांमुळे नव्हे.

तोडगा भाचीनेच शोधला. कायटोसान कवचांखेरीज बुरशीच्या भिंतीतही असते. व्यापारी प्रमाणावर ते काळ्या ॲस्परजिलस बुरशीपासून काढले जाते. निसर्गात ते आढळते मुख्यतः म्युकर आणि त्याच्या गोत्रातील बुरशींच्या भिंतीत. हे नाव तिने उच्चारले तेव्हा मेहुणे समोरच बसले होते. एक डोळा गेलेला हा माणूस काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझा डोळा नेला, आता काही देऊन जाऊ दे तिला."

बुरशी म्हणजे तरी जीवच ना, असा आक्षेप येथे घेता येईल. आणि कंदमुळे व शेवाळ यांविषयी जी सूक्ष्म दृष्टी आपल्या आचार्यांनी दिली आहे तिच्यापुढे मी काही बोलू शकत नाही. त्रस जीवाच्या कवचापेक्षा स्थावर मानलेल्या जीवाचा अंश, एवढेच आम्ही त्यातल्या त्यात निवडले. चातुर्मासात नांदेडला आलेल्या महाराजांना बहिणीने हे विचारले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि औषध कोणासाठी करीत आहात, एवढेच विचारले.

बुरशीजन्य कायटोसान कवचाच्या कायटोसानच्या कित्येकपट महाग पडले. तो खर्च मेहुण्यांनी दुकानातून केला. प्रबंधात नमुना प्रथिन म्हणून गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन वापरण्याची रूढी आहे. तेही तिने टाळले आणि औषधाच्या दुकानात मिळणारी चाळीस युनिटची इन्सुलिनची कुपी वापरली. कण मोजण्याचे यंत्र जवळ नसल्याने नमुने दुसऱ्या शहरात पाठवावे लागतात. पहिल्या खेपेचे कण सहाशे नॅनोमीटरचे निघाले, म्हणजे पेशीच्या दारातून जाण्यास फार मोठे. ढवळण्याचा वेग आणि आम्लता बदलून चौथ्या खेपेला ते एकशे ऐंशीपर्यंत आले. मात्र त्यांतील बरेचसे इन्सुलिन पहिल्या दोन तासांतच बाहेर पडते. पोते शिवले खरे, पण टाके सैल आहेत. ते घट्ट करण्याचे काम सध्या चालू आहे.

पुढची पायरी प्राण्यांवरील चाचणीची असते, आणि ती तिला करायची नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशी, ऑर्गनॉइड आणि चिपवरील अवयव यांवर केलेल्या चाचण्यांनाही मान्यता दिली आहे. आतड्याच्या पेशींचा काचपात्रात वाढवलेला थर मिळाला तर त्यातून नॅनोजेल पार जाते का, हे तिला पाहता येईल. त्यासाठी तिने पुणे-मुंबईच्या तीन प्रयोगशाळांना पत्रे पाठवली आहेत. एकीकडून होकार आला आहे, तारीख अजून कळलेली नाही.